कुंदाताईंचा रविवार

सेलूच्या मेन रोडवर गुल्हान्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं नळ घ्यायला गेलं की काउंटरमागच्या बाई तो आधी आपल्या हातात घेत, कोरडाच दोनदा फिरवत आणि कानाशी नेत. आवाज पसंत पडला तर समोर ठेवत. नाही पडला तर तोच नळ परत खोक्यात टाकून म्हणत, "हा नको नेऊ. दुसरा देतो." नळाचा आवाज त्यांना काय सांगायचा ते मला कधी कळलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "काई नाई सांगत. पण ऐकल्याबिगर देववत नाई."

या कुंदाताई. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगानं बारीक. चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. दुकान त्या आणि त्यांचे धाकटे दीर प्रकाशभाऊ मिळून चालवत. मी तेव्हा सेवाग्रामजवळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो आणि सेलूत भाड्यानं राहत होतो. घर जुनं होतं, दर महिन्याला काहीतरी गळायचं, म्हणून ओळख वाढली.

आमच्याकडे कुणाला नाही म्हणायचं असलं की लोक 'पाहू' म्हणतात. लग्नाला याल का, पाहू. उधार द्याल का, पाहू. 'पाहू' म्हटलं की समोरचा समजून घेतो आणि दोघांचीही अब्रू राहते. कुंदाताईंच्या तोंडात हा शब्दच नव्हता. त्या हो म्हणत किंवा नाई म्हणत, आणि नाई म्हणताना आवाज हो म्हणतानाइतकाच साधा असे. त्यामुळे गावात काही लोक त्यांना फटकळ समजत. मला त्या तशा कधी वाटल्या नाहीत. फटकळ माणसाला समोरच्याला टोचल्याचा आनंद होतो. यांना तो होत नसे.

सकाळच्या योगवर्गाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. शेजारणीच्या आग्रहानं त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांना हात वर करून मोठ्यानं हसायला सांगितलं. कुंदाताई नुसत्या उभ्या. सर म्हणाले, ताई, हसा. त्या म्हणाल्या, "हसू आलं का हसीन ना सर. सकाळी सहाले कायले हसू?" आणि चटई गुंडाळून सरांना नमस्कार करून घरी आल्या. नंतर ते सर दुकानात आले, तेव्हा त्यांना चहा पाजला. वर्ग सोडला म्हणून माणूस सोडायचं त्यांना कारण दिसत नव्हतं.

पण उठून जाणं हा त्यांचा स्वभाव होता, असं म्हणणं खरं नाही. सासू कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. दुकान सांभाळून तिचं सगळं कुंदाताईंनी एकटीनं केलं, आणि म्हातारी तोंडानं गोड नव्हती. मी एकदा म्हटलं, ताई, तुम्ही कसं निभावलं? त्या म्हणाल्या, "ते मी करीन म्हटलं होतं. म्हटलेलं करा लागते. ज्याले हो म्हटलं नाई, ते काऊन करू?"

सासू गेल्यावर त्यांना पहिल्यांदा रविवार मिळाला. दुकान बंद, घरात कुणी नाही, कुणाला औषध द्यायचं नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत माझी पिशवी त्यांच्या काउंटरवर सांडली.

पिशवीत फासे होते. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, एक वीस बाजूंचा. ते घरंगळत खिळ्यांच्या ट्रेमध्ये गेले. कुंदाताईंनी एकेक वेचून काढला, चष्मा खाली घेऊन वीस बाजूंचा नीट पाहिला आणि विचारलं, "हे काय होय? लुडोचे तं नाई दिसत."

मी सांगितलं. वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेला माझा एक मित्र आहे, मिलिंद. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतो. पुण्यात असताना त्याला या खेळाचा नाद लागला, इथं आल्यावर करमेना, म्हणून त्यानं आमचा ग्रुप जमवला. दर रविवारी दुपारी त्याच्या घरी वरच्या मजल्यावर बसतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. मिलिंद गोष्ट सांगतो, आम्ही त्या गोष्टीतली माणसं होतो. तो म्हणतो, समोर नदी आली, काय करता? आपण म्हणायचं, पोहून जातो. जमलं की नाही ते फासा ठरवतो.

"म्हणजे बोलाचाच खेळ," कुंदाताई म्हणाल्या.

"हो, तसंच."

"मंग मले येते."

मला वाटलं, गंमत करतायत. पण पुढच्या रविवारी दुपारी त्यांची स्कूटी मिलिंदच्या गेटसमोर उभी होती. जिना चढून वर आल्या, आम्हाला पाहिलं, खुर्ची ओढून खिडकीजवळ घेतली आणि बसल्या. आमच्यात तिसरी स्नेहा होती, वर्ध्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं त्यांना वेगवेगळी पात्रं समजावून सांगितली. कुंदाताईंनी तलवारवाली नको म्हटलं, जादूवाली नको म्हटलं आणि वैदीण घेतली. नाव ठेवलं चंद्रा. गावोगाव फिरून जडीबुटी देणारी बाई.

पहिले काही रविवार त्यांना मजा आली, हे मला सांगितलंच पाहिजे. घरी त्या वहिनी, दुकानात काकू, नातेवाइकांत मामी. इथं आम्ही त्यांना चंद्रा म्हणायचो. त्या नावानं हाक मारली की त्या जरा ताठ बसत. स्नेहाशी त्यांचं छान जमलं. जाताना दोघी गेटपाशी उभ्या राहून बराच वेळ बोलत.

मिलिंदची गोष्ट मोठी होती. एक राज्य, एक हरवलेली तलवार, सात दरवाजांचा किल्ला. प्रत्येक दरवाजावर लढाई. त्यानं कित्येक महिने बसून ते सगळं रचलं होतं, नकाशे काढले होते. मी आणि स्नेहा त्याच्या मागं मागं जायचो. तो म्हणेल तिथं लढायचो.

आम्ही पहिल्या दरवाजाशी पोचलो तेव्हा मिलिंदनं आवाज जाड करून सांगितलं, "समोर भाला घेतलेला पहारेकरी उभा आहे. काय करता?"

मी म्हटलं, बाण मारतो. स्नेहानं तलवार काढली. कुंदाताई म्हणाल्या, "मी त्याले नाव विचारतो."

"कोणाचं?"

"पहारेकऱ्याचं."

मिलिंद थांबला. "नाव नाही त्याचं, ताई. पहारेकरी आहे तो."

"मायबापानं ठेवलंच असंन ना काईतरी."

स्नेहा हसली. मलाही हसू आलं. मिलिंदनं मनात नसताना एक नाव दिलं, गणू. मग कुंदाताईंनी गणूला विचारलं, सकाळपासून उभा हाय का, जेवला का, पायाले काय झालं. पायाचं त्यांनी स्वतःच काढलं, कारण माणूस दिवसभर उभा म्हणजे पाय दुखणारच. त्यांनी पायाला लेप दिला. फासा टाकला, वीस आला, सगळ्यात मोठा आकडा. आता मिलिंदलाही काही करता येईना. गणूनं दरवाजा उघडला आणि मिलिंदची आठवडाभर तयार केलेली लढाई तशीच राहिली.

त्या दिवशी मिलिंद हसला, पण त्याला लागलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. वडील गेल्यावर आईसाठी नोकरी सांभाळून परत आलेला, इथं बरोबरीचे मित्र उरले नव्हते. त्याचा अख्खा आठवडा त्या किल्ल्यात जात असे. पण लागलं, आणि त्यानं ते खेळात काढलं. दुसऱ्या दरवाजावर चंद्रा बोलायला पुढे गेली तर पहारेकऱ्यांनी तिला धरलं आणि तुरुंगात टाकलं.

"आम्ही सोडवतो तुम्हाला," मी म्हटलं. पण त्या रविवारी लढाई संपली नाही. पुढच्या रविवारीही नाही. मिलिंद म्हणायचा, तुरुंग तळघरात आहे, तिथवर पोचायचं तर मधे बरंच काही आहे. कुंदाताई सेलूहून स्कूटी चालवत यायच्या, खिडकीजवळ बसायच्या, आणि संपूर्ण दुपार त्यांना करायला काही नसे. फासा टाकून सुटायचा प्रयत्न एकदा करू दिला, पण त्यासाठी मिलिंदनं मागितलेला आकडा येणं कठीणच होतं.

अशाच एका दुपारी मिलिंदची आई वर आली. कुंदाताई मोकळ्या बसलेल्या पाहून मेथीची जुडी घेऊन आली आणि म्हणाली, "रिकाम्या हा तं हे निवडू लागा ना कुंदाबाई. बोलता बोलता होऊन जाईन."

कुंदाताईंनी हात जोडले. "काकू, दुसऱ्या दिवशी बोलवा, टोपलंभर निवडून देतो. आज मी खेळाले आली हाय."

त्या पुन्हा ताठ बसल्या, आम्हा तिघांत जो बोलत असेल त्याच्या तोंडाकडे पाहत. त्या दिवशी उठताना त्या मिलिंदला म्हणाल्या, "मिलिंदभाऊ, तुरुंगात बसाले मी सेलूहून येत नाई."

मिलिंद म्हणाला, "ताई, गोष्टीची गरज आहे ती."

"असंन. पण मले इथं काय करता येते, ते तुमी फोन करून सांगजा. करण्यासारखं काई नसंन तं तसंबी सांगजा."

त्यानं फोन केला नाही.

दोनतीन दिवसांनी मी वॉशर घ्यायला दुकानात गेलो. प्रकाशभाऊ बाहेर पोती उतरवून घेत होते. मला पाहून आतल्या बाजूला ओरडले, "वहिनी, आला तुमचा सेनापती. झालं का राज्य जिंकून?" ही त्यांची रोजची मस्करी होती. वहिनी या वयात खेळायला जातात, हे त्यांनी अर्ध्या सेलूला हसत हसत सांगितलं होतं.

कुंदाताई वॉशरचा डबा शोधत राहिल्या. मी हळूच म्हटलं, "ताई, तुम्हाला मजा येत नसेल तर नका येऊ. मिलिंदला मी सांगतो काहीतरी. दुकानात माल येतो रविवारी म्हणून."

"माल रविवारी येत नाई."

"त्याला कुठं माहीत आहे?"

"मले माहीत हाय ना. खोटं कारण सांगतलं का ते मंग सांभाळत बसा लागते. रविवारी बजारात भेटला तं तोंड लपवू का?" वॉशर कागदात गुंडाळत त्या जरा थांबल्या. "अन् सध्या मी राग्यात हाय. राग्यात गिऱ्हाईकाले बी उत्तर देऊ नाई. राग उतरू दे, मंग पाह्यतो का मले खेळ आवडत नाई, का नुसता तुरुंग आवडत नाई."

मी म्हटलं, हा फरक चांगला आहे.

"अजून एक हाय." त्यांनी बाहेर नजर टाकली. प्रकाशभाऊ हमालाशी बोलत होते. "मी सोडलं का हा म्हणंन, मी म्हटलंच होतं. मागचे दोन रविवार मी त्याच्यासाठीच आली रे. त्याले दाखवाले. परवा जाताना पवनारपाशी ध्यानात आलं माह्या. स्कूटी बाजूले लावली अन् उभी राह्यली. म्हटलं, बाई, तू खेळाले जाऊन राह्यली का पर्काशले दाखवाले? तितूनच वापस येणार होती. मंग म्हटलं नाई, अशी नाई जायची. पह्यले मिलिंदले नीट सांगाचं."

आणि त्यांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी मिलिंदला स्वतः फोन केला. काय बोलल्या ते मला मिलिंदकडून कळलं. गोष्ट तुमची, पण दुपार माझीबी हाय, असं म्हणाल्या. मला लोकांशी बोलायला आवडतं, लढायला आवडत नाही. तुमच्या खेळात त्याला जागा असेल तर सांगा, नसेल तरी राग नाही. मिलिंद मला हे सांगत होता तेव्हा आधी कुरकुरत होता. मग म्हणाला, "असं कोणी सांगत नाही रे. नुसते येणं बंद करतात."

पुढच्या रविवारी मिलिंदनं नकाशे काढलेच नाहीत. चंद्रा तुरुंगातून सुटली होती. आम्ही एका गावात पोचलो, आणि त्या गावात दोन आळ्यांचं एका विहिरीवरून भांडण होतं. त्या दुपारी एकही तलवार निघाली नाही. कुंदाताई या आळीत गेल्या, त्या आळीत गेल्या. सरपंचाच्या बायकोला भेटल्या. विहीर खणणाऱ्या म्हाताऱ्याला शोधून काढलं. मिलिंद एकेक माणूस उभा करत होता आणि त्याच्यात एवढी माणसं आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याचा आवाज तर त्यानं असा काढला की त्याची आई स्वयंपाकघरातून पाहायला आली. स्नेहाला गावातल्या एका चोराची बायको व्हायला मिळालं आणि ती इतकी खुलली की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. भांडण मिटलं तेव्हा ऊन उतरलं होतं. पोहे तसेच गार झाले होते. मिलिंदचा चेहरा लाल झाला होता, आनंदानं.

"मग?" तो कुंदाताईंना म्हणाला. "आज कसं वाटलं?"

"लय चांगलं वाटलं," त्या म्हणाल्या. खरंच वाटलं होतं, ते दिसत होतं. मग त्यांनी फासे गोळा करून माझ्या पिशवीत टाकले, पिशवीची दोरी ओढली आणि म्हणाल्या, "मिलिंदभाऊ, मी पुढच्या रविवारपासून येणार नाई."

मिलिंद पुण्याहून आल्यापासून शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचा. तो प्रयत्नच सुटला. "मंग काऊन ताई? आज माह्यं काय चुकलं?"

"आज तुमचं काईच चुकलं नाई. म्हणूनच आज सांगून राह्यली."

"मले समजलं नाई."

त्या पुन्हा बसल्या. घाईत बोलायचं नाही, असं त्यांच्या बसण्यात होतं. "पहा, मागच्या बारीले सोडलं असतं तं तुमाले वाटलं असतं, मी रुसली. मलेबी तसंच वाटलं असतं. तुमी आज माह्यासाठी एवढं केलं. याच्याहून चांगली दुपार होऊ शकत नाई. अन् इथं बसल्या बसल्या, मजा येऊन राह्यली होती तरी, माह्या मनात येत होतं का हे संपलं का मी मोकळी. चांगल्यात चांगल्या दिवशी असं वाटते, मंग हे माह्यं नाई. तुमचं हाय. तुमी लढाया करा. या दोघायले आवडतात. माह्यासाठी विहिरी कायले खणता दर रविवारी?"

"मी खणतो ना. मले चालते."

"मले नाई चालत. कोणीतरी आपल्यासाठी मन मारून राह्यलं, ते पाहत बसा लागते. घरी केलं मी ते, खूप वर्सं. मन मारलं बी, अन् दुसऱ्यानं मारलेलं पाह्यलं बी."

स्नेहानं विचारलं, "मग रविवारी काय करणार ताई?"

"माहीत नाई. पह्यले रिकामा तं होऊ दे."

मिलिंद टेबलाकडे पाहत होता. त्याला वाईट वाटत होतं आणि ते वाटू नये म्हणून कुंदाताईंनी काहीही केलं नाही. ना त्याच्या पाठीवर हात ठेवला, ना मधे मधे येत जाईन म्हणाल्या. खाली जाऊन त्याच्या आईला भेटल्या. मेथी आहे का विचारलं. होती. ओट्याजवळ उभ्या राहून त्यांनी अख्खी जुडी निवडून दिली, हात धुतले आणि निघाल्या. आम्ही तिघं जिन्यावर उभे होतो. स्नेहा हळूच म्हणाली, "मला वाटलं, आज तरी त्या राहतील."

दुसऱ्या दिवशी प्रकाशभाऊ 'मी म्हटलंच होतं' असं म्हणालेच असतील. मी मुद्दाम विचारलं. "म्हटलं ना त्यानं," कुंदाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, हो, तुह्यं बरोबर निघालं. त्याले पुढं बोलताच आलं नाई."

आमचा ग्रुप काही महिने चालला. मिलिंदच्या लढाया आधीसारख्याच होत, आणि मला त्या आवडत, हेही सांगायला हरकत नाही. तो दुकानात कुंदाताईंना भेटायला गेला होता, एकदा गच्चीच्या पाइपासाठी आणि एकदा काहीच कारण नसताना. मग मला चंद्रपूरला नोकरी लागली आणि सेलू सुटलं.

जाण्याआधीच्या एका रविवारी घरच्यांना घेऊन बोर धरणावर गेलो होतो. थंडी नुकतीच सुरू झाली होती. धरणाच्या भिंतीवरून पाचसहा बाया चालत येत होत्या, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, पायांत बूट, साड्या वर खोचलेल्या. पुढे जी होती तिच्या गळ्यात दुर्बीण होती. जवळ आली तेव्हा दिसलं, कुंदाताई. चेहरा उन्हानं काळवंडला होता. दर रविवारी पक्षी पाहायला येतात म्हणे, वर्ध्याची एक शिक्षिका घेऊन येते. मी आणखी विचारणार होतो, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे अर्धंच होतं. मागच्या बाया त्यांना ओलांडून पुढे निघाल्या होत्या.

बायको म्हणाली, "या ना ताई, थर्मासमध्ये चहा आहे. दोन मिनिटं बसा."

"नाई वं, नको," त्या चालू लागत म्हणाल्या. "मले त्यायच्यासंगं जायचं हाय."

आणि दुर्बीण एका हातानं छातीशी धरून त्या पन्नाशीच्या बाई भिंतीवरून पुढच्यांना गाठायला चक्क पळत गेल्या.